थोरेन्स टीडी १६० साठी सागवानी आर्मबोर्ड: माप, भोक आणि बसवणी

थोरेन्सचा टीडी १६० हा रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल बाजारात आला १९७२ साली, स्वतःचा टीपी १६ आर्म (सुई धरणारा दांडा) घेऊनच. त्या जागी रेगा कंपनीचा आरबी २५० आर्म बसवायचा तर मूळ आर्मबोर्ड, म्हणजे आर्म जिच्यावर बसतो ती फळी, कामाचा नाही, कारण त्यातलं भोक टीपी १६ च्या मापाचं आणि त्याच्याच जागी आहे. त्या बोर्डाला दुसरं भोक पाडायचा मोह टाळावा. एक तर दोन भोकं एकमेकांत घुसतात, आणि दुसरं म्हणजे नव्या बोर्डाचा साचा म्हणून जुना अखंड हवा असतो. मी नवा बोर्ड सागवानात केला. बाहेरचा आकार कापणं हे त्यातलं सोपं काम. खरा वेळ जातो तो भोकाचा मध्यबिंदू ठरवण्यात.

टीडी १६० मध्ये थाळीचं बेअरिंग आणि आर्मबोर्ड दोन्ही सब-चॅसी नावाच्या एकाच आतल्या चौकटीवर बसतात आणि ती सब-चॅसी तीन स्प्रिंगांवर तरंगते. त्यामुळे वरचं सगळं कितीही डुललं तरी स्पिंडल (थाळीच्या मधली खुंटी) आणि आर्म यांच्यातलं अंतर कायम राहतं. ते एकदाच ठरतं, आपण भोक पाडतो तेव्हा. रेगाने या आर्मसाठी दिलेलं अंतर २२२ मिमी आहे: स्पिंडलच्या मध्यापासून आर्म ज्या उभ्या अक्षाभोवती फिरतो तिथपर्यंत. त्या अक्षापासून सुईच्या टोकापर्यंत २३७ मिमी, म्हणजे सुई स्पिंडलच्या १५ मिमी पुढे जाते. हा झाला कंपनीचा हिशेब.

बाजारातल्या बहुतेक प्रोट्रॅक्टरांवर (सुईची जागा जुळवायच्या आखीव तक्त्यांवर) मात्र लोफग्रेन (१९३८) आणि बेअरवाल्ड (१९४१) यांचं गणित असतं. त्यात सुई रेकॉर्डच्या खाचेला तंतोतंत स्पर्शिका होते ती दोन जागी, मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर. सूत्र अगदी सोपं आहे. अक्ष ते सुई या लांबीचा वर्ग घ्या, त्यातून अक्ष ते स्पिंडल या अंतराचा वर्ग वजा करा, बाकी ६६ गुणिले १२०.९, म्हणजे साधारण ७,९७९ उरली पाहिजे. २२२ चा वर्ग ४९,२८४. त्यात ७,९७९ मिळवून वर्गमूळ काढलं की २३९.३ येतात. म्हणजे भोक २२२ वर पाडून कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) बेअरवाल्डप्रमाणे लावायचं तर सुई रेगाच्या खुणेपेक्षा २.३ मिमी पुढे सरकते. हेडशेलच्या, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागाच्या, खाचांमध्ये तेवढी जागा असते, पण फार शिल्लक राहत नाही.

चूक कुठल्या बाजूला परवडते ते यावरूनच कळतं. भोक चुकून २२१.५ वर गेलं तर कार्ट्रिज अर्धा मिमी मागे घ्यायचं, जागा भरपूर असते. २२२.५ वर गेलं तर तेवढंच पुढे ढकलावं लागतं आणि काही कार्ट्रिजांचे स्क्रू खाचेच्या टोकाला जाऊन अडतात. म्हणून आखताना शंका आली तर आत झुकावं, बाहेर नाही. हा दिलासा खाचांच्या हेडशेलपुरताच. ऑर्टोफोनच्या एसपीयू जी या हेडशेलसकट येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये आर्मला जोडायच्या कॉलरपासून सुईपर्यंतचे ५२ मिमी कारखान्यातच ठरलेले असतात. तसल्या कार्ट्रिजसाठी बोर्ड करत असाल आणि आर्मचा पायाही सरकणारा नसेल, तर भोकातली चूक भरून काढायला कुठेच वाव नसतो.

२२२ मिमी हे अंतर म्हणजे स्पिंडलभोवतीची एक कमान. तिच्यावर नेमकं कुठे थांबायचं ते बाकीच्या गोष्टी ठरवतात. मी जाड पुठ्ठ्याचा बोर्ड कापून सब-चॅसीवर ठेवला, त्यावर कमान काढली आणि आर्म हाताने धरून पुढेमागे नेऊन पाहिला. चार गोष्टी बघायच्या: खालच्या नटला आणि त्यावर फिरणाऱ्या पान्याला सब-चॅसीच्या पत्र्यात जागा आहे का, आर्म विसाव्यावर (न वाजवताना टेकतो त्या आधारावर) असताना त्याची नळी प्लिंथच्या, म्हणजे बाहेरच्या पेटीच्या, कडेला समांतर राहते का, काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन) मागच्या कडेला किंवा झाकणाला लागतं का, आणि विसाव्याचा खांब थाळीला घासत तर नाही ना. काउंटरवेट तपासताना ते पार मागे फिरवून तपासावं, हलकं कार्ट्रिज लावलेलं असेल तर जड कार्ट्रिजची कल्पना करून. आरबी २५० चा पाया नट सैल करून गोल फिरवता येतो, त्यामुळे विसाव्याची दिशा मागाहूनही जुळवता येते. नटची जागा मात्र मागाहून बदलत नाही.

आता लाकूड. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो, शिसम ७७० च्या आसपास. शिसम जास्त जड आणि घट्ट, पण तरंगत्या सब-चॅसीवर वजन वाढलं की स्प्रिंग दबतात आणि थाळी तिरकी बसते. म्हणून जुना बोर्ड किचनच्या काट्यावर तोलून नवा त्याच्या जवळपास ठेवणं बरं. एमडीएफचा पृष्ठभाग एकसारखा असतो, पण कडेला स्क्रू धरत नाही आणि पावसाळ्यात कडा फुगतात. प्लायवूड घ्यायचं तर बर्चचं, नाहीतर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय. स्वस्त कमर्शिअल प्लायच्या पोटात पोकळ्या असतात. नेमकी नटखाली पोकळी आली की घट्ट करताना प्लाय दबत जातं आणि नट कधी घट्ट होतच नाही.

अस्सल लाकडाची अडचण म्हणजे ते हवेतल्या दमटपणाबरोबर हलतं, आणि मुंबई-कोकणात ते वर्षभर हलतच असतं. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत रेषांना आडवं, वर्षवलयांच्या दिशेने, सुमारे ५.८ टक्के आकसतं. वलयांना काटकोनात २.५ टक्के, रेषांच्या लांबीत जवळजवळ शून्य. उन्हाळा ते पावसाळा लाकडातली ओल सहा टक्के बदलली असं धरा. स्क्रूपासून भोक ४० मिमीवर असेल तर आडव्या रेषांत तेच भोक जवळपास अर्धा मिमी सरकेल. रेषा स्पिंडलच्या दिशेने धावत असतील तर तीच हालचाल कमानीच्या बाजूने होते आणि २२२ ला धक्का लागत नाही. म्हणून फळी कापताना रेषा भोकापासून स्पिंडलकडे जातील अशीच फिरवून आखायची, मग वरचं चित्र थोडं कमी देखणं दिसलं तरी चालेल. शक्य असेल तर कापलेल्या तोंडावर वर्षवलयं उभी दिसणारी फळी निवडावी. ती कमी वाकते.

जुन्या दाराचा किंवा पलंगाचा सागवान मिळाला तर उत्तम, तो हलून हलून स्थिरावलेला असतो. रंधा मारण्याआधी त्यावर एक चांगला चुंबक फिरवावा. आत तुटलेला खिळा राहिला असेल तर रंध्याचं पातं आणि फोर्स्टनर बिट (मोठं, सपाट तळाचं भोक पाडणारा) दोन्हीची धार एका झटक्यात जाते.

फळीची जाडी हीच आर्मची उंची. आरबी २५० ला उंची बदलायचा स्क्रू नाही. फक्त पायाखाली चकत्या घालून आर्म वर उचलता येतो, खाली घेता येत नाही. तेव्हा जाडी हिशेबापेक्षा दोन मिमी कमीच ठेवावी आणि चकतीने भरून काढावी. एक मिमी फरकाने सुईचा कोन पाव अंशाने बदलतो, एका अंशाला चार मिमी लागतात. त्यामुळे जाडीत दशांश मिमीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दोन्ही पृष्ठभाग समांतर असणं याहून कितीतरी महत्त्वाचं. व्हर्नियरने चारही कोपऱ्यांत जाडी मोजायची, फरक ०.१ मिमीच्या आत हवा. सपाट काचेवर पॉलिशपेपर चिकटवून त्यावर फळी घासली की तेवढं साधतं.

भोक तिरकं गेलं की आर्म तिरका उभा राहतो असं सर्रास सांगितलं जातं. पण रेगाच्या पायाची कड बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागावर टेकते आणि खालून नट तिला ओढून धरतो. आर्मचा कल ठरवतो तो पृष्ठभाग. भोकाच्या भिंतीला पायाचे आटे टेकतच नसतील तर भिंत थोडी कलली तरी बिघडत नाही. या आर्मला आडवा कल जुळवायची सोयच नाही, म्हणून रंध्याच्या कामात केलेला आळस थेट सुईपर्यंत पोचतो.

जुना बोर्ड नव्या फळीवर दुहेरी टेपने चिकटवून, जरा मोठा आकार आधी कापून, बेअरिंगवाल्या राऊटर बिटने कडा साच्याबरोबर आणल्या. वरच्या पॅनेल आणि बोर्ड यांच्यामध्ये सगळीकडे किमान दोन मिमी फट राहिली पाहिजे. पॉलिशचे थर आणि पावसाळ्यातली फुगवण दोन्ही त्याच फटीतून जातात. एका जागी जरी बोर्ड पॅनेलला टेकला तरी स्प्रिंगांचा उपयोग संपला.

मध्यबिंदू बोर्डाच्या कडांवरून मोजून काढायचा नाही. कडा साच्यावरून आल्या, साचा पन्नास वर्षांपूर्वीचा, आणि बोर्ड स्क्रूच्या भोकांत थोडा इकडेतिकडे बसतोच. बोर्ड आधी खालून स्क्रूंनी पक्का बसवायचा आणि मग स्पिंडलवरूनच माप टाकायचं. स्क्रूसाठी सागवानात नेहमी आधी भोक पाडावं: ४ मिमीच्या स्क्रूला ३ मिमीचं, बिटला टेप गुंडाळून खोली ठरवून, नाहीतर टोक वर फुटतं. पितळी स्क्रू वापरायचे तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून एकदा आत घालून काढावा. थेट पितळी स्क्रू पिळला तर डोकं हातात येतं.

मापासाठी तीन मिमी जाड अॅल्युमिनियमची पट्टी घेतली. एका टोकाला ७ मिमीचं भोक पाडून गोल कानसाने हळूहळू वाढवत स्पिंडलवर घट्ट सरकेल इतकं केलं. रेकॉर्डचं भोक ७.२४ मिमीचं असतं, स्पिंडल त्याहून थोडं बारीक. आपलं मोजून घ्यावं. दुसऱ्या टोकाला १ मिमीचं भोक, त्यात बसणारी पोलादी पिन. पट्टीवरचं अंतर पडताळायला पट्टी स्पिंडलवर ठेवून, पिन लावून, व्हर्नियरने बाहेरून बाहेर मोजायचं. स्पिंडल ७.१० मिमीचं असेल तर माप २२२ अधिक ३.५५ अधिक ०.५, एकूण २२६.०५ यायला हवं. नेहमीचा १५० मिमीचा व्हर्नियर इथे पुरत नाही, ३०० चा लागतो. तो नसेल तर भोसरी, सातपूर किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिजिटल रीडआउट असलेल्या मिलिंग मशीनवर ही दोन भोकं पाडून घ्यावीत. दहा मिनिटांचं काम आहे आणि मोजण्याची सगळी कटकट वाचते. पट्टीचं १ मिमीचं भोक भलतीकडे गेलंच तर दुसरं शेजारी पाडता येतं. बोर्डाच्या बाबतीत तशी सोय नाही.

पट्टी बोर्डावर सपाट टेकली पाहिजे. स्पिंडल आणि बोर्ड वेगळ्या उंचीवर असतात, पट्टी कलली की माप खोटं पडतं. बाहेरची थाळी काढून, आतल्या छोट्या थाळीवर योग्य जाडीची चकती ठेवून पट्टी समपातळीत आणली. मग पिनने पुठ्ठ्यावर ठरलेल्या जागेजवळ कमानीचा छोटा तुकडा ओरखडला, नेमकी जागा नक्की केली आणि पिनवर हलकी हातोडी मारून खूण पाडली. यानंतर बोर्ड काढून घ्यायचा. बोर्ड जागेवर ठेवूनच ड्रिल चालवलं तर भुसा बेअरिंगच्या तेलात जातो आणि स्प्रिंगांवरची चौकट हातातल्या ड्रिलखाली नाचते.

आरबी २५० च्या आट्यांसाठी साधारण २३ ते २४ मिमीचं भोक लागतं; आपल्या आर्मवर व्हर्नियर लावून खात्री करावी. हार्डवेअरच्या दुकानात ऑटो हिंजसाठी ३५ आणि २६ मिमीचे फोर्स्टनर बिट सहज मिळतात, २४ चा शोधावा लागतो. मिळाला नाही तर २५ चा चालतो. पायाची कड भोक झाकते, आणि अर्धा मिमी इकडेतिकडे सरकवायला मिळतो तो फायदाच. २६ ला मात्र आर्म नट घट्ट करताना भलतीकडे सरकतो. आट्यांवर टेपचे वेढे देऊन तो मध्यावर धरावा लागतो.

होल सॉ (वाटीसारखी दातेरी करवत) इथे वापरू नये. त्याचा मधला ड्रिल स्वतःच लटपटतो, सागवान जाळतो आणि भिंत खरबरीत सोडतो. फोर्स्टनरचाही एक दोष आहे: त्याचं मधलं टोक आखूड असतं आणि सागाच्या कठीण-मऊ पट्ट्यांवरून सहज घसरतं. म्हणून आधी खुणेवर २ मिमीच्या ब्रॅड पॉइंट बिटने आरपार भोक पाडलं. हे बारीक भोक पुढच्या सगळ्या कामाचा आधार. ते बेंच ड्रिलवरच पाडायचं, तेही टेबल काटकोनात आहे हे पाहून. चकमध्ये वाकवलेली तार धरून ती हाताने फिरवायची. तारेचं टोक टेबलापासून चारही बाजूंना सारखंच दूर राहिलं पाहिजे. कमी पडेल तिथे टेबलाखाली पत्र्याची पाचर.

फळी जाड असेल आणि नटला पुरेसे आटे मिळत नसतील तर खालून नटपेक्षा मोठी गोल खाच काढावी लागते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी खालून मोठी खाच, त्याच २ मिमीच्या भोकावर टोक ठेवून, आणि मग वरून २४ चं भोक. उलट केलं तर मधलं लाकूड आधीच गेलेलं असतं, मोठ्या बिटच्या टोकाला टेकायला काही उरत नाही आणि तो जिकडे ओढेल तिकडे जातो. खाचेचा तळही सपाट हवा, पटाशीने साफ करून. नटखाली दीड-दोन मिमीची अॅल्युमिनियमची चकती घातली की दाब पसरतो.

२४ चं भोक पाडताना पट्टा ५०० ते ६०० फेऱ्यांच्या पायरीवर ठेवला. सागात सिलिका असते, धार लवकर बोथट होते. धूर दिसला की फेऱ्या कमी करण्याआधी धार तपासावी. बोर्ड दोन क्लॅम्पांनी टेबलाला आवळलेला, खाली टाकाऊ प्लायचा तुकडा घट्ट दाबून. दर पाच-सहा मिमीला बिट वर उचलून भुसा झटकायचा. खालच्या बाजूने टोक दिसलं की थांबून, बोर्ड उलटा करून, दुसऱ्या बाजूने पूर्ण करायचं. खाली आधार नसला तर शेवटच्या अर्ध्या मिमीला रेषा उचकटतात.

पॉलिश दोन्ही बाजूंना सारखंच, आणि भोकाच्या भिंतीलाही. एकाच बाजूला लावलं तर दुसरी बाजू ओल पिते आणि फळी वाकते. सागात तेल असतं, म्हणून आधी अॅसिटोनने पुसून मग लाखेचे पातळ थर दिले. पायाखालचं पॉलिश पूर्ण वाळेपर्यंत आर्म आवळू नये. मऊ थरात पायाची कड रुतते आणि नट आठवड्याभरात सैल होतो.

आर्म बसवल्यावर पुन्हा तीच पट्टी लावून अंतर तपासलं, मग प्रोट्रॅक्टर. छापील प्रोट्रॅक्टर असेल तर त्यावरची मोजपट्टीची रेघ पोलादी पट्टीने पडताळायची. प्रिंटर पानात मावावं म्हणून चित्र दोन-तीन टक्के लहान करतो आणि लोक भोकाला दोष देतात. ६६ आणि १२०.९ दोन्ही ठिकाणी कार्ट्रिजच्या कडा जाळीला समांतर आल्या की अंतर बरोबर आहे. एका ठिकाणी जुळून दुसऱ्या ठिकाणी एकाच बाजूला झुकत असेल तर आधी कार्ट्रिज पुढेमागे करावं, वळवणं नंतर. सुईचं वजन काट्यावर मोजून लावायचं, कारण आरबी २५० वर वजनाची डायल नाही.

नवा आर्म आणि नवा बोर्ड म्हणजे सब-चॅसीवरचं वजन बदललं. स्प्रिंग पुन्हा जुळवून थाळी समपातळीत आणावी आणि बोटाने दाबून सोडल्यावर ती आडवी न हलता सरळ वरखाली होते का पाहावं. आर्मची केबल जाड आणि ताठ असते; खालून बाहेर काढताना तिला सैल वळसा द्यावा, नाहीतर ती चौथ्या स्प्रिंगसारखी सब-चॅसी एका बाजूला ओढते. लाकडामुळे आर्म आणि पत्र्याची सब-चॅसी एकमेकांपासून तुटलेली असतात. गुणगुण ऐकू आली तर मल्टीमीटर लावून सब-चॅसी अर्थला जोडलेली आहे का तपासावं. नसेल तर केसासारख्या बारीक, लवचिक वायरने ती अॅम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला नेऊन जोडावी. नट पहिल्या पावसाळ्यानंतर आणि मग ऑक्टोबरच्या उन्हानंतर एकदा हाताने तपासावा. वाळलेलं लाकूड जाडीत आकसतं आणि पाव वळसा सैल सापडतोच.